शेलूबाजारचं मेडिकल मीच बंद केलं

ही गोष्ट सांगायची मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं टाळली. टाळायला निमित्तं मिळत गेली. आधी दुकान नुकतंच बंद झालं होतं, मग मुलींची लग्नं व्हायची होती, मग ज्यांना सांगायचं तीच माणसं भेटेनाशी झाली. आता माझं वय असं आहे की माझ्याबद्दल गावाचं मत बिघडलं तरी ते सोसायला फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून मुख्य गोष्ट आधीच लिहून टाकतो. बाकीचं सावकाश सांगेन.

सत्तरच्या दशकात शेलूबाजारला जे औषधांचं दुकान होतं, ते माझं होतं. ते माझ्या फार्मासिस्टने बंद पाडलं असं गाव समजत आलं. ते खरं नाही. दुकान मी बंद केलं, स्वतःच्या हाताने अर्ज लिहून, आणि बंद करण्याची वेळ माझ्याच चुकीने आली. नाव मात्र त्याचं खराब झालं. ते मी होऊ दिलं.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. आमचा सगळा कारभार अकोल्याला. शेलूबाजार म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आठवडी बाजाराला आसपासच्या गावांची गर्दी, आणि सवाऱ्या कोंबून भरलेल्या जीपगाड्या. एक म्हातारे डॉक्टर येऊन बसले होते. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन लोकांना मंगरूळला जावं लागे. माझं किराण्याचं दुकान डॉक्टरांच्या समोरच होतं. मी किराणा भावाकडे दिला आणि औषधांचा परवाना काढला.

परवान्याची अट सोपी होती. औषध देताना शिकलेला फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे आणि त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं पाहिजे. मी मॅट्रिक. फार्मासिस्ट कुठून आणणार? अकोल्याहून कोणी या धुळीत यायला तयार नव्हतं. आणि मग कळलं की पलीकडच्या वस्तीतलाच एक मुलगा नागपूरहून फार्मसीची पदविका घेऊन आला आहे.

ते बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर होतं. वडिलांकडे चार एकर आणि एक विहीर. विहिरीवर मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांदे करायचे आणि बाजाराच्या दिवशी स्वतः घेऊन बसायचे. ताठ माणूस. भाजीची जुडी बांधतानासुद्धा कोटाची बटणं लावलेली. लोक त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणत असे. मुलगा त्यांच्यासारखाच, कमी बोलणारा. त्याचं प्रमाणपत्र काचेत बसवून मी गल्ल्याच्या वर टांगलं तेव्हा काकाजी ते पाहायला आले होते. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत उभे राहिले.

तीन वर्षं त्याने माझं दुकान चालवलं. फार्मासिस्ट हा शब्द गावाच्या तोंडात कधी बसला नाही. लोक त्याला कंपाउंडर म्हणत. पहिले काही दिवस तो दुरुस्ती करायचा, नंतर त्याने सोडून दिलं.

त्याच्या कामाची एक पद्धत मला इथे नीट सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

तेव्हा डॉक्टर बरीचशी औषधं मिसळून, पातळ अशी देत. मिक्श्चर. बाटली गिऱ्हाइकाने घरून आणायची अशी रीत होती. आणि घरून काय वाटेल ते यायचं, तेलाची बाटली, मधाची, सिरपची, दारूची पाव बाटली. त्या बाटलीला बाहेरून एक उभी कागदी पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला खाचा कापलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. घरी कोणाला वाचता येत नसे, पण एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत औषध प्यायचं एवढं सगळ्यांना समजे. एक म्हातारी त्याला नेहमी म्हणे, “काहून बाप्पा, बाटलीले करवत लावून राह्यला?” तो म्हणे, “करवत नाही लावली तं तू एकाच दिवसात सारं पिऊन टाकशील, आजी.” म्हातारी त्यावर हसायची आणि खरोखरच एका दिवसात पिऊन पुन्हा यायची.

मी वेगळा विचार करत असे. पट्टी करायला काय लागतं? कागदाची घडी घालायची, आठ डोस असतील तर आठ घड्या, घड्यांवर कात्री चालवली की झालं. तो मात्र प्रत्येक बाटलीला अर्धी घटका लावी. आधी रिकाम्या बाटलीत मापाच्या पेल्याने एक डोस पाणी ओतायचा, बाहेरून पेन्सिलीची खूण करायचा. मग दुसरा डोस, दुसरी खूण. असं वरपर्यंत. मग त्या खुणांवर पट्टी बेतायचा. त्याच्या खाचा कधी सारख्या अंतरावर नसत. कुठे बोटभर, कुठे नखभर. गिऱ्हाइकं उभी आणि हा पाणी ओततो आहे. बाजाराच्या दिवशी माझा जीव जळायचा. मी एकदा म्हटलंही की बाबा, हे नखरे शहरात ठीक आहेत. तो म्हणाला, बाटल्या शहरातून येत असत्या तर मीही घडी घातली असती, भाऊ. मला त्यातलं काही कळलं नाही. शिकलेल्या माणसाचा तोरा वाटला.

तिसऱ्या वर्षी त्याला सरकारी नोकरी लागली. मानोऱ्याकडे, पोहरादेवीच्या वाटेवर, दवाखान्यात. चांगली गोष्ट होती. त्याने मला महिनाभर आधी सांगितलं आणि जाताना विनंती केली की भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून द्या आणि अकोल्याला कळवा. सरकारी माणसाचं नाव खाजगी दुकानावर राहिलं तर त्याची नोकरी जाईल. मी म्हणालो, दुसरा माणूस मिळेपर्यंत राहू दे, एक महिना. त्याने त्या वेळी हट्ट धरला नाही. माझं वय, तीन वर्षांचा संबंध, यामुळे असेल. मी दुसरा माणूस शोधला का? एकदा अकोल्याला गेलो तेव्हा एकाला विचारलं. बस, तेवढंच.

त्यानंतर तो दोनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी मी चहा सांगितला आणि पुढच्या महिन्याचं वचन दिलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो एवढंच म्हणाला की, भाऊ, या कागदासाठी माह्या बापानं एक बैलजोडी इकली हाये. आणि निघून गेला. मी त्याच्यामागे दारापर्यंतसुद्धा गेलो नाही, कारण गिऱ्हाईक उभं होतं.

त्या पाच-सहा महिन्यांत मी एकटाच औषधं देत होतो. त्याचं वर्णन करायचं तर, मी रोज सकाळी कुलूप उघडताना आजचा दिवस जाऊ दे असं म्हणत असे. डॉक्टरांचं अक्षर मला अर्धंच लागायचं. उरलेलं मी डब्यांच्या रंगावरून, आठवणीवरून भरून काढायचो. दारासमोर जीप थांबली की अकोल्याचा औषध निरीक्षक आला असं वाटून मी हातातली बाटली खाली ठेवायचो. बायको म्हणायची, तुम्ही झोपेत चिठ्ठ्या वाचता. पण दुकान सोडवत नव्हतं. पंचक्रोशीत ते एकच होतं. लोक मला “मेडिकलवाले भाऊ” म्हणत, आणि मला ते आवडत होतं.

एका बाजाराच्या दिवशी सकाळी एक बाई आली. तिच्या चार वर्षांच्या मुलाला तापात झटके आले होते. डॉक्टरांनी झटके थांबावेत म्हणून, झोप आणणारं मिक्श्चर लिहून दिलं होतं, आठ डोस. डॉक्टरांना लग्नाला अकोल्याला जायचं होतं, ते चिठ्ठी लिहून लगेच मोटारीत बसले. बाईने आणलेली बाटली डोक्याच्या सुगंधी तेलाची होती. वर फुगलेली, खाली कंबर बारीक. दिसायला सुरेख. मी मिक्श्चर तयार केलं, बाटलीत भरलं. कागदाच्या आठ घड्या घातल्या, कात्री चालवली, पट्टी चिकटवली. सारख्या अंतराच्या आठ खाचा. मला आठवतं, पट्टी सरळ बसली म्हणून मला बरं वाटलं होतं.

दुपारी त्या मुलाचा बाप धावत आला. दोन डोस दिले होते, तेव्हापासून पोरगं झोपलं होतं. “हालवून पाह्यलं, पानी मारून पाह्यलं,” तो म्हणाला. “उठूनच नाही राह्यलं, भाऊ.”

डॉक्टर नव्हते. मला काही सुचेना. मग आठवलं की आज सुट्टी आहे, फार्मासिस्ट घरी आला असेल. मी तसाच त्यांच्या वस्तीकडे पळालो. तीन वर्षं तो माझ्या दुकानात उभा होता आणि मी त्याच्या घरी पहिल्यांदाच जात होतो. घर मला विचारावं लागलं. काकाजी बाजारातून नुकतेच परत आले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यायलो नाही. घाई होतीच. पण घाई नसती तर प्यायलो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तो जेवणावरून उठला आणि हात धुऊन माझ्याबरोबर निघाला. मुलाच्या घरी गेल्यावर त्याने आधी मुलाकडे पाहिलं, त्याला कुशीवर वळवलं, घड्याळ लावून श्वास मोजले. मग म्हणाला, बाटली दाखवा. बाटली हातात घेतली आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. वरच्या दोन खाचांची जागा बाटलीच्या फुगलेल्या भागात होती. दोन डोसांतच जवळजवळ अर्धं औषध पोटात गेलं होतं. त्या क्षणी मला ते पाणी ओतणं, पेन्सिलीच्या खुणा, कुठे बोटभर आणि कुठे नखभर, सगळं एकदम समजलं. मी तिथेच उंबरठ्यावर बसलो.

त्याने बाटली खिशात टाकली, म्हणाला, “जीप सांगा. मंगरूळले न्या लागते.” बाजाराच्या दिवशी रिकामी जीप मिळेना. एका जीपवाल्याने सवाऱ्या उतरवल्या. माणसं कुरकुरली, एक जण म्हणाला की आमचे पैसे कोण देईल, पण मुलाला पाहून तोही बाजूला झाला. बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली, बाप जीपच्या पायरीवर लटकला, आम्ही दोघं मागे. सगळ्या वाटेत तो मुलाच्या छातीवर हात ठेवून होता आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो, त्यावर काही दिसतं का म्हणून. मंगरूळच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता. जीप अशी आपटली की आमची डोकी छताला लागली, आणि पोराने डोळे न उघडता तोंड वाकडं केलं, भडाभडा ओकलं आणि रडायला लागलं. ते रडणं ऐकून त्याची आई रडली, आणि खरं सांगतो, मीही रडलो. मला आयुष्यात दुसरं कुठलं रडणं एवढं गोड लागलेलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्याने औषधाचं नाव आणि किती गेलं ते नेमकं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, एवढं कसं गेलं? तो म्हणाला, “बाटली वाकडी होती.” मुलाच्या आईबापांना वाटलं, तापाचीच गुंगी होती. संध्याकाळपर्यंत मुलगा चहात बुडवून बिस्कीट खात होता. रात्रभर ठेवून घेऊ म्हणाले, म्हणून आम्ही दोघं तेवढे परत निघालो.

परतीच्या जीपमध्ये बरीच गर्दी होती. आम्ही एकमेकांना चिकटून बसलो होतो. तो माझ्या कानाशी हळूच बोलला. “भाऊ, आता दुकान बंद करा लागते. म्या कोनाले सांगनार नाई. पन तुमी बंद करा.”

मी म्हणालो, “उद्याच करतो.”

आणि हे म्हणताच छातीवरचं काहीतरी उतरलं. मला वाटलं होतं मला दुःख होईल. कित्येक महिन्यांत त्या रात्री मी पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपलो.

दुकान नियमाने बंद करायचं कसं, हेही त्यानेच मला एका कागदावर लिहून दिलं. मला वाटायचं कुलूप लावलं की झालं. तसं नसतं. अकोल्याला अर्ज द्यायचा, आपण अमुक तारखेपासून औषधविक्री बंद करतो आहोत आणि परवाना परत करतो आहोत. शिल्लक मालाची यादी करायची. चांगला माल बिलं दाखवून ठोक विक्रेत्याला परत करायचा, मुदत संपलेला निरीक्षकासमोर नष्ट करायचा. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली निरीक्षकाच्या हातात द्यायची. चिठ्ठ्यांची वही फेकायची नाही, सांभाळून ठेवायची. पाटी उतरवायची. कागदाच्या शेवटी त्याने लिहिलं होतं की माझं प्रमाणपत्र परत मिळावं. मी ते त्याच दिवशी उतरवून त्याच्या घरी पोचवलं.

ते पंधरा दिवस माझे चांगले गेले, हे लिहिताना थोडी लाज वाटते. मी आणि बायको मिळून याद्या केल्या. ती डबे उतरवून पुसायची, मी मोजायचो. प्रत्येक खोका बांधून झाला की मी हलका होत होतो. या गोळ्या आता मी कोणाला चुकीच्या देणार नाही. ही बाटली आता माझ्या हातून कोणाच्या पोटात जाणार नाही. बायको म्हणाली, पोरीची पाठवणी करून राह्यले का दिवाळीची साफसफाई? दिवाळीचीच, मी म्हणालो.

निरीक्षक आले ते एक बारीक, घामेजलेले गृहस्थ होते. जीपमधून उतरताच त्यांनी पाणी मागितलं. अकोल्याहून जीपगाडीत येऊन त्यांची कंबर मोडली होती. त्यांनी यादी ताडून पाहिली, कपाट पाहिलं, मुदत संपलेली औषधं मागच्या परसात खड्डा करून पुरायला लावली, पंचांच्या सह्या घेतल्या. फार्मासिस्ट कधीपासून नाही हे त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. जबाब लिहून घेतला, समज दिली. जाताना म्हणाले, “मी आजवर बरीच दुकानं बंद केली. बोलावून बंद करून घेणारे तुम्ही पहिले.”

“साहेब, चहा घ्या,” मी म्हणालो. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

इथवर सगळं चांगलं होतं. इथे हा मजकूर संपला असता तर मी तो केव्हाच लिहिला असता.

निरीक्षक गेले त्याच संध्याकाळी मी पाटी उतरवत होतो. शेजारी चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाला आणि बाकावर बसलेले चार-पाच जण पाहत होते. हॉटेलवाला म्हणाला, “काहून भाऊ, चांगली दुकान काहून उठवून राह्यले? आता आमी आजारी पडाचं का नाई?”

मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, “कागद गेला ना. कागदाशिवाय चालत नाही.”

“कंपाउंडरनं नेला?”

“हं,” मी म्हणालो.

एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कागद गेला होता, त्याचा होता, त्याच्याकडे होता. पण मला पक्कं ठाऊक होतं की त्या “हं”चं गाव काय करील. बाकावरचा एक जण म्हणाला, “तरी म्या म्हनत होतो. सरकारी नोकरी लागली की हे लोक गावाले ओळखत नाहीत.” दुसरा म्हणाला की त्यानेच अकोल्याला चिठ्ठी लिहिली असेल, नाहीतर साहेब कशाला आला असता? मी पाटीचे खिळे काढत राहिलो. ते बोलणं एका वाक्यात थांबवता आलं असतं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही का बंद केलं? आणि त्याचं उत्तर मुलाच्या बापाच्या कानावर गेलं असतं.

त्या घरातलं पोर शिकलं, नोकरीला लागलं, हे काही जणांना सलत होतंच. त्यांना कारण पाहिजे होतं. मी ते चहाच्या बाकावर ठेवून दिलं. आठ दिवसांत गोष्ट पक्की झाली. कोणाला ताप आला, कोणाला मंगरूळला जावं लागलं, की नाव त्याचं निघायचं.

पुढच्या बाजाराला काकाजी भाजी घेऊन आले. सकाळपासून त्यांच्या कानावर टोमणे जात असावेत. गिऱ्हाईकही कमी होतं. दुपारी ते पाल तसंच सोडून हॉटेलवर आले. मी आत बसलो होतो, हॉटेल भरलेलं होतं. ते माझ्या बाकासमोर उभे राहिले. कोटाची बटणं लावलेली होती.

“भाऊ,” ते म्हणाले, “तुमी समद्याईच्या समोर सांगा. माह्या पोरानं तुमची दुकान बंद पाडली का?”

हॉटेलवाल्याने किटली खाली ठेवली. माझ्या बरोबर मागच्या बाकावर त्या मुलाचा बाप बसला होता. पोरगं बरं झालं म्हणून त्याने सकाळीच मला बर्फी आणून दिली होती.

मी म्हणालो, “कायदा आहे, काकाजी. कायद्यापुढे कोणाचं काय चालते.”

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, “कायदा त्याईलेच जास्त ठाऊक,” आणि दोघं-तिघं हसले. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहावी तसं, अजून काही येतं का म्हणून. मग त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या बाजारात भाजी आणली नाही. चार एकराची मेथी घेऊन ते जऊळक्याकडे जायला लागले, लांब पडत होतं तरी.

महिन्याभराने त्यांचा मुलगा मला रस्त्यात भेटला. मी दुसरीकडे पाहणार होतो, पण तोच थांबला. मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, “मले जे म्हनतात ते म्हनू द्या, भाऊ. म्या तं इथं राहत नाही. माह्या बापाले तरी सांगाचं होतं.” आणि जीप आली, तो चढला. मी सांगतो, नक्की सांगतो असं काहीतरी बोललो. जीप गेल्यावर.

मी पुढे वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. त्यात कोणाचा जीव जात नाही. वीस वर्षं ते सुखाने चाललं, आणि मी शांत झोपलो हे खोटं नाही. बंद करणं योग्य होतं, वेळेवर झालं, नियमाने झालं. ज्या दिवशी मी ते बंद केलं त्या दिवसाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. ते झटके आलेलं पोरगं मोठं झालं, आता त्याला नातवंडं आहेत, कधी भेटलं की वाकून पाया पडतं. त्यालाही मी काही सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

काकाजींकडे मी एकदा निघालो होतो. ते आजारी आहेत असं ऐकलं होतं. वस्तीच्या तोंडाशी गेलो, त्यांच्या दारात माणसं दिसली आणि मला वाटलं, आज नको, एकटे असतील तेव्हा. ते एकटे असतील ती वेळ पुन्हा आली नाही.

काकाजींचा मुलगा निवृत्त होऊन वाशीमला राहत होता. गेल्या वर्षी तो वारला. त्याच्या पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. त्याच्या मुलांनी मला पुढे बसवलं, बाबांनी तुमच्याकडे पहिली नोकरी केली असं ते सगळ्यांना सांगत होते. मला बोलायला सांगितलं. मी उठलो, तो किती प्रामाणिक होता, काम किती चोख करायचा, हे बोललो. पुढे शेलूबाजारची पंधरा-वीस माणसं बसलेली होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना ते हॉटेल आठवत असणार. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. मी हात जोडले आणि खाली बसलो.

जे तिथे बोललो नाही, आणि त्या बाजाराच्या दिवशी हॉटेलात बोलायला पाहिजे होतं, ते आज लिहितो. जसं तेव्हा तोंडून निघालं असतं तसंच लिहितो.

काकाजी, तुमच्या पोरानं दुकान बंद पाडली नाई. म्या बंद केली. माह्या हातानं एका लेकराले जास्त दवाई गेली, अन् तुमच्या पोरानं त्याले वाचवलं, अन् मलेही वाचवलं. त्यानं तोंड बंद ठेवलं ते माह्यासाठी. म्या तोंड बंद ठेवलं तेही माह्याचसाठी. समद्याईच्या समोर सांगतो, चूक माही हाये. मले माफ करा, काकाजी.